अमळनेरला येताय ना, मग अख्खा दिवस काढून या

मंगळग्रह मंदिरामुळे आता अमळनेरला बाहेरगावची माणसं भरपूर येतात, चांगलीच गोष्ट आहे, पण त्यातले बहुतेक जण काय करतात तर गाडी पार्किंगला लावली, अभिषेक केला, प्रसाद घेतला, बाहेर चहा मारला आणि आल्या पावली जळगाव नाहीतर धुळ्याकडे परत. गावात पाऊलच टाकत नाहीत. हे मला खरंच खटकतं. ज्या गावात साने गुरुजी मास्तर होते, जिथं तत्त्वज्ञान शिकायला पार बंगालमधून माणसं येऊन राहिली, ज्या गावात विप्रो जन्माला आली, ते गाव तासाभरात उरकून निघून जायचं म्हणजे गावावर अन्यायच. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहितोय, कधी यायचं, कसं यायचं, आधी कुठं जायचं, जेवायचं काय, कुणाशी कसं बोलायचं.

आधी गाव कसं आहे ते समजून घ्या म्हणजे अपेक्षा नीट राहतील. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बोरी नदीच्या काठावर, जळगावपासून रेल्वेनं साधारण 55 किलोमीटर. एके काळी इथं प्रताप मिलचा भोंगा वाजायचा आणि त्यावर गावाचं घड्याळ चालायचं, मिल बंद पडून आता जमाना झाला, त्यामुळे नोकरीसाठी कितीतरी जण रोज जळगावला नाहीतर धुळ्याला अपडाऊन करतात. बँकवाले, झेडपीवाले, कोर्टातले, कॉलेजची पोरं. सकाळी गाडी भरून जाते, संध्याकाळी भरून येते आणि मधल्या वेळात गाव एकदम निवांत असतं. बघायला तीच वेळ सगळ्यात चांगली. इथं तिकीट काढून बघायचा महाल नाही, सेल्फी पॉइंट नाही, मॉल नाही, ते हवं असेल तर दुसरीकडे जा. इथं शाळा, कॉलेज, देवळं, नदी आणि माणसं आहेत.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यात वाद नाही. थंडीत सकाळी स्वेटर लागतो, दुपार छान असते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरताची वांगी तेव्हाच खरी. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो, खान्देशातलं ऊन मी म्हणतं, त्या दिवसांत दुपारी 12 ते 5 रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसानं उन्हाळ्यात उगाच धाडस करू नये. एकच अपवाद, वैशाखातली यात्रा, तिचं खाली सांगतो.

वार पण बघून या. मंगळवारी मंदिरात तुफान गर्दी असते, नवस किंवा अभिषेक मंगळवारीच करायचा असेल तर ठीक, नाहीतर टाळा. रविवारी शाळा-कॉलेज बंद, म्हणजे अर्धं बघणं गेलं. बुधवार ते शुक्रवार उत्तम, सोमवारही चालेल. सुट्ट्यांचं कॅलेंडर एकदा बघून घ्या, दिवाळीच्या सुट्टीत येऊन शाळेच्या गेटवर उभं राहण्यात काही अर्थ नाही.

कसं यायचं

रेल्वेनं या. गाडी असली तरी रेल्वेनं या. हे आग्रहानं सांगतोय, कारण हे गाव रेल्वेचं आहे. सुरत-भुसावळ हा जुना ताप्ती व्हॅली लाइनचा रस्ता, गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून इथला कापूस, शेंगदाणा आणि माणसं याच रुळांवरून गेली. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, जळगाव स्टेशन मध्य रेल्वेवर येतं पण जळगावहून सुरतजवळच्या उधन्याकडे जाणारी ही लाइन पश्चिम रेल्वेची आहे. म्हणून मुंबईहून येणाऱ्याला दोन रस्ते आहेत, एक नाशिक-मनमाडवरून जळगावला उतरून गाडी बदलायची, दुसरा सुरत-नंदुरबारवरून थेट अमळनेर. बोरिवली-वसईकडे राहणाऱ्यांना दुसरा सोपा पडतो. पुणे, संभाजीनगर, नागपूरवाल्यांनी सरळ जळगाव गाठावं, रात्रीच्या गाडीनं निघालात तर सकाळी जळगाव, तिथं तोंड धुवून चहा घ्या आणि पुढची गाडी पकडा. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात आणि प्रत्येक गाडी अमळनेरला थांबत नाही, तेव्हा आदल्या रात्री अ‍ॅपवर थांबा आणि वेळ दोन्ही बघून घ्या, कुणी तोंडी सांगितलेल्या वेळेवर विसंबून राहू नका.

जळगाव ते अमळनेर जनरलचं तिकीट काढलं तरी पुरे, तासाभराचा प्रवास. जळगाव सुटलं की थोड्याच वेळात गिरणेचा पूल लागतो, मग पाळधी, धरणगाव, दोन्ही बाजूला काळी जमीन, कपाशी, मका, केळीचे पट्टे. खिडकी मिळाली तर मोबाईल खिशात ठेवा.

डब्यातला एक शिष्टाचार सांगून ठेवतो. अपडाऊनवाल्यांच्या जागा ठरलेल्या असतात, वर्षानुवर्षं तोच डबा, तोच कोपरा, तीच चौकडी. कुणी म्हणालं की भाऊ इथं आमचा एक जण धरणगावला चढणार आहे, तर तुम्ही कायद्यानं बरोबर असाल पण वाद घालू नका, थोडं सरकून बसा, ती माणसं पाच मिनिटांत तुम्हालाच शेंगा देतील आणि गावाची अशी माहिती देतील जी कुठल्याच मॅपवर नाही. मला स्वतःला या गावाची निम्मी माहिती अशीच डब्यात मिळालीय.

धुळ्याकडून येणार असाल तर एसटी बरी, तासभर लागतो.

उतरल्यावर

घाई करू नका. स्टेशनच्या बाहेर चहा-नाष्टा होतो, पोहे, कचोरी, भजी मिळून जातं, आणि स्वच्छतागृह वापरायचं असेल तर ते इथंच उरकून घ्या, विशेषतः बायकांनी, कारण जुन्या गावात शिरल्यावर सोय शोधत फिरावं लागतं. रिक्षा मिळतात, शेअरही मिळतात, बसायच्या आधी किती घेणार ते विचारून घ्या म्हणजे नंतर दोघांनाही वाईट वाटत नाही. सुटे पैसे ठेवा. फोनवरून पैसे बहुतेक ठिकाणी घेतात पण दहा रुपयांसाठी रेंज शोधत बसण्यापेक्षा नाणी बरी.

सकाळ: प्रताप शेठजींचं अमळनेर

सकाळचा वेळ फक्त याला द्या. श्रीमंत प्रताप शेठजी, म्हणजे ज्यांची ती प्रताप मिल. कापसाच्या धंद्यात पैसा अनेकांनी कमावला, पण या माणसानं तो कुठं घातला ते बघा. गावात हायस्कूल, पुढं 1945 मध्ये कॉलेज, आणि त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे 1916 साली श्रीमंत वल्लभदासांना सोबत घेऊन काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर, आताचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र. विचार करा, 1916 साल, खान्देशातलं तालुक्याचं गाव, आणि तिथं वेदान्तावर संशोधन करायला अभ्यासकांना राहायची, जेवायची, वाचायची सोय. तत्त्वज्ञ जी. आर. मलकानी इथं वर्षानुवर्षं होते, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा बंगालचा मोठा तत्त्वज्ञ इथं येऊन संचालक म्हणून राहिला, टी. आर. व्ही. मूर्तींसारखे पुढं जगभर नाव झालेले लोक तरुणपणी इथं शिकले, इथून तत्त्वज्ञानाचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं. परदेशातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला अमळनेर हे नाव माहीत असतं आणि नाशिकच्या माणसाला माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

तिथं जाताना सरळ आत घुसायचं नाही. गेटवर नाहीतर ऑफिसात सांगायचं, सर, बाहेरगावहून आलोय, केंद्र बघायचं आहे, परवानगी मिळेल का. नम्रपणे विचारलं तर बहुतेक वेळा कुणीतरी सोबत येतं. परीक्षा, कार्यक्रम, सुट्टी असं काही असेल तर नाही म्हणतील, तेव्हा ऐकायचं. फोटो विचारून काढा. आणि आत गेलात की आवाज कमी, एवढं सांगायला नको.

कॉलेजचा परिसर मोठा आहे, झाडं आहेत, सकाळी चालायला मस्त. फेब्रुवारी 2024 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच झालं, याआधीचं अमळनेरचं संमेलन होतं 1952 चं. म्हणजे 72 वर्षांनी. आणि 2024 ला त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही याच गावात भरलं होतं, दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे गावचेच लोक राबत होते. लहान गावात दोन-दोन संमेलनं पेलायची म्हणजे घरोघरी पाहुणे ठेवावे लागतात, ते या गावानं केलं.

मग प्रताप हायस्कूल. साने गुरुजी 1924 ला इथं शिक्षक म्हणून लागले आणि 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. तत्त्वज्ञान मंदिरातही ते शिकायला होते, म्हणून मी म्हणतो आधी केंद्र बघा मग शाळा, त्याच क्रमानं सगळं नीट लागत जातं. गुरुजी वसतिगृहाचे प्रमुख झाले आणि पोरांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक काढायचे, नाव होतं 'छात्रालय'. रोज. मुलं उठायच्या आधी लिहून तयार. पोरांच्या अंथरुणाच्या घड्या घालून ठेवणारा, आजारी पोराच्या उशाशी बसणारा मास्तर, त्याची माया ज्यांनी अनुभवली ती पिढी आता राहिली नाही पण गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेल्या गोष्टी आठवतात. शाळा सुरू असताना वर्गात डोकावू नका, मधल्या सुट्टीच्या आसपास जा, ऑफिसात भेटा, शिक्षक मंडळी आपुलकीनं बोलतात. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना इथं आणाच.

विप्रोचं पण सांगतो, कारण सगळे विचारतात. 1945 च्या डिसेंबरमध्ये एम. एच. हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावानं कंपनी काढली आणि कारखाना टाकला अमळनेरला, कारण आजूबाजूला शेंगदाण्याचं पीक. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि 787 साबण, हा त्यांचा सुरुवातीचा माल. 1966 ला वडील गेले आणि अझीम प्रेमजी 21 व्या वर्षी शिक्षण अर्ध्यावर टाकून आले. गावातल्या बऱ्याच घरांत कंपनीचे शेअर होते, ज्यांनी ते धरून ठेवले त्यांचं नशीब पालटलं. कारखाना बघण्याचं ठिकाण नाही, आत सोडतील अशी आशा धरू नका, बाहेरून बघा आणि पुढं चला.

जेवण

दुपारी बारा-साडेबाराला जेवून घ्या. शेवभाजी बाराही महिने मिळते, जाड तिखट शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, सोबत भाकरी, कांदा, लिंबू. तिखट खायची सवय नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, भाऊ, तिखट कमी, तर्री वेगळी द्या. शेव आधीपासून रश्श्यात टाकून ठेवलेली असेल तर तिचा लगदा होतो, चांगल्या ठिकाणी ताटात वाढतानाच टाकतात. हीच हॉटेलची परीक्षा.

थंडीत आलात तर भरीत. आणि भरीत कसं करतात ते कुणाच्या शेतात किंवा घरी बघायला मिळालं तर सोडू नका. मोठी हिरवी-पांढुरकी वांगी, गॅसवर नाही, कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची. साल काळी कुळकुळीत झाली की सोलायची, मग लाकडाच्या बडगीत घालून ठेचायची, तिथंच हिरवी मिरची, लसूण कुटलेला, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात परतलेले शेंगदाणे. धुराचा वास वांग्यात उतरतो तो काड्यांच्या जाळानंच. मिक्सरमधून काढलेलं भरीत आणि बडगीतलं भरीत यात जमीन-अस्मानाचा फरक, बडगीतल्याला रेषा राहतात, मिक्सरमधलं नुसतं चिकट होतं. सोबत कळण्याची भाकरी मागा, ज्वारीत उडीद दळलेली असते, नाहीतर पुऱ्या. कुणी घरी बोलावलं आणि वरण-बट्टी किंवा खापरावरची पुरणपोळी असेल तर मग हॉटेल विसरा. आणि घरी जेवायला बसलात तर पहिल्या वाढण्यात थोडंच घ्या, कारण आग्रह होणार, नाही म्हणून चालत नाही.

जेवल्यावर तासभर सावली शोधून बसा. दुपारी दुकानंही पेंगत असतात.

दुपारनंतर: जुनं गाव, वाडी आणि बोरी

ऊन उतरलं की जुन्या गावात पायी शिरा. दगडी दरवाजा विचारा, जुन्या किल्ल्याची ती खूण राहिलीय. तिथून अरुंद गल्ल्या, जुने लाकडी माड्यांचे वाडे, मध्येच नवीन सिमेंटची घरं. मॅप लावून चालू नका, विचारत चला. वयस्कर माणूस असेल तर जिभाऊ, आबा, नाना, अप्पा म्हणा, बाई असेल तर आक्का, मावशी. अंकल-आंटी म्हणू नका. समोरून अहिराणीत प्रश्न येईल, कोनता गावना भाऊ? मग गावाचं नाव सांगायचं, आडनाव सांगायचं, तिथं त्यांचा कुणी नातेवाईक निघतोच निघतो, आणि पाच मिनिटं सहज जातात. जेवन व्हयनं का असं विचारलं तर ती नुसती औपचारिकता समजू नका, मनापासून विचारलेलं असतं. अहिराणी येत नसेल तर तोडकी मोडकी नक्कल करू नका, साधी मराठी बोला, सगळ्यांना कळते.

मग संत सखाराम महाराजांची वाडी, बोरीच्या काठावर. वारकरी परंपरेचं मोठं संस्थान, आषाढीला इथून पालखी पायी पंढरपूरला जाते. चप्पल बाहेर, डोकं शांत, भजन चालू असेल तर मागच्या बाजूला बसा, कुणी टाळ हातात दिला तर घ्या.

नदीत पाणी दिसेलच असं नाही. वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला बोरीवर धरण आहे, पावसाळा सोडला तर पात्र बहुतेक कोरडंच. पण म्हणूनच वैशाखात त्या पात्रात यात्रा भरते, पाळणे, भांड्यांची दुकानं, खेळणी, रसवंत्या, सगळं नदीच्या वाळूत. मोहिनी एकादशीला रथ आणि वैशाख पौर्णिमेला पालखी. रथाच्या दिवशी आलात तर एकच बघा, चाकाजवळची माणसं. एवढा मोठा लाकडी रथ, ना ब्रेक ना स्टिअरिंग, तो वळतो आणि थांबतो चाकाखाली लावलेल्या मोगरीवर, लाकडाचा तो ठोकळा नेमक्या क्षणी नेमक्या कोनात सरकवायचा असतो, हात मागं घ्यायला सेकंदभर उशीर झाला तर संपलं. गर्दी देवाकडे बघत असते आणि ही माणसं खाली वाकून चाकाकडे. तिथं जवळ जाऊ नका, लहान मुलांना तर अजिबात पुढं सोडू नका, एखाद्या ओट्यावर चढून बघा. त्या दिवसांत लॉज मिळणं अवघड, माहेरवाशिणी, पाहुणे, सगळं गाव भरलेलं असतं, राहायची सोय आधी करा आणि टोपी-पाणी विसरू नका.

मंगळग्रह मंदिर शेवटी

आधी नाही, शेवटी. चोपडा रोडला, रिक्षानं जा. मंगळाचं स्वतंत्र मंदिर देशात फार थोड्या ठिकाणी आहे, त्यामुळे मंगळ असलेल्या मुला-मुलींचे आईवडील लांबून येतात, शेतकरी आणि जमिनीचा व्यवहार करणारेही येतात कारण मंगळ भूमिपुत्र. अभिषेक करायचा असेल तर आधी चौकशी करून वेळ घ्या, नुसतं दर्शन असेल तर मंगळवार सोडून संध्याकाळी आरामात होतं. परिसर स्वच्छ आहे, बाग आहे, म्हातारी माणसं सोबत असतील तर त्यांना बसायला जागा मिळते. श्रद्धा असो नसो, दिवसभर पायपीट झाल्यावर इथं अर्धा तास बसलं की बरं वाटतं.

स्वतःची गाडी असेल आणि दुसरा दिवसही हाताशी असेल तर तापी-पांझरा संगमावर कपिलेश्वर आहे, तिकडं सकाळी जा. एका दिवसात गावही आणि संगमही करायला गेलात तर धड काहीच होणार नाही.

परत जाताना

जळगावहून रात्रीची पुढची गाडी असेल तर मध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा, या लाइनवर डबल लाइन झाल्यापासून क्रॉसिंगला तासन् तास थांबणं कमी झालं तरी गाडी लेट होऊ शकते. गाडी फारच लेट दिसली तर स्टेशनवर ताटकळत बसू नका, सरळ बसस्टँड गाठा, धरणगावमार्गे जळगावची एसटी मिळते, धुळ्याचीही मिळते, पण रात्री उशिरा एसटी कमी होतात तेव्हा हा निर्णय दिवस मावळायच्या आत घ्या. घरी न्यायला बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कळण्याचं पीठ घ्या, किराणा दुकानात नाहीतर बचत गटाच्या बायकांकडे मिळतं, बिबड्या मात्र पिशवीत सगळ्यात वर ठेवा, गाडीच्या गर्दीत खाली गेल्या तर चुराच हातात येतो.